शेवटचे वीस फूट

मुलांना घरकाम शिकवण्याचे योग्य वय दीड वर्ष. वॉर्नेकन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवून दिले की अठरा महिन्यांची मुले अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तूही आपण होऊन उचलून देतात. याच वयात मूल केर काढणाऱ्या आईच्या मागे मागे फिरते आणि "मधे मधे लुडबुडू नकोस" हे ऐकून परतते. आठ-नऊ वर्षे त्याने ही आज्ञा इमानदारीने पाळली की एके दिवशी त्याला आळशी ठरवले जाते.

जयपूरच्या गोपालपुऱ्यात हे शिक्षण आणखी अवघड, कारण तिथे अख्खा रस्ता मुलाच्या बाजूने उभा असतो. गोपालपुरा बायपासला कोचिंग क्लास, वसतिगृहे, अभ्यासिका आणि डबेवाल्यांची दाटी आहे. नोकरीधंद्यानिमित्त इथे राहणाऱ्या मराठी घरातल्या मुलाला गॅलरीतून दिसतात ती आयता डबा खाणारी मुले आणि होर्डिंगवर रँकसकट हसणारी मुले. होर्डिंगवर आजवर कुणी भांडी विसळताना दिसलेले नाही. त्यामुळे "अभ्यास करतोय" या उत्तरावर घरात अपील चालत नाही. केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये असे सांगितले. घरकामाच्या माफीला अशी वयाची अट नाही. ती साधारण चौथीत लागू होते, आणि पुस्तक उघडे असले की पुरते. ते सुलटे धरलेले असावे असाही नियम नाही.

म्हणून काम ऋतू पाहून निवडावे लागते. हिवाळा त्यातल्या त्यात सोपा. मटार सोलायला सगळे बसतात, कारण या कामात मजुरी जागच्या जागी तोंडात टाकता येते. भाजीपुरते दाणे उरावेत म्हणून मटार मात्र दुप्पट आणावे लागतात. वर्षभर जिना चढायला गुडघे दुखतात अशी तक्रार करणारा मुलगा संक्रांतीच्या सुमारास गच्चीवरचे कपडे काढून आणायला स्वतःहून निघतो. तो पतंग घेऊन जातो आणि अंधार पडल्यावर कपडे न घेता उतरतो. उन्हाळ्यातले मुख्य काम कूलर भरणे. टोंक जिल्ह्यातल्या बिसलपूर धरणातून शंभरेक किलोमीटर वाट तुडवत पाणी जयपूरला पोचते. नळापासून कूलरपर्यंतच्या शेवटच्या वीस फुटांसाठी मात्र घरात तिघांची बैठक होते, आणि काल कोणी भरले होते यावरून ती मोडते.

पैसे देऊन काम करून घेण्याचा उपाय सोपा दिसतो, पण महागात पडतो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधीच बक्षीस कबूल केले होते. पुढे त्यांचे आपणहून चित्रे काढणे कमी झाले. घरी याची प्रचिती लवकर येते. ताट उचलण्याचे दहा रुपये ठरले की आजोबांनी पाणी मागितल्यावर आधी दर विचारला जातो. दिवाळीच्या साफसफाईत तर ॲडव्हान्सही मागतात.

मुलगा आणि मुलगी यांचा अभ्यासक्रम एकच असावा, हे सर्वांना मान्य असते. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची 97. हा फरक कसा पडतो, ते संध्याकाळी स्वयंपाकघरात उभे राहिल्यास दिसते. मुलीला ताटे घ्यायला सांगतात, मुलाला कोथिंबीर आणायला. तो कोथिंबीर आणि प्याज कचोरीचा वास घेऊन तासाभराने परततो. तो अख्खा तास घरकामात धरला तरी बेरीज सत्त्याण्णवच्या पुढे सरकत नाही.

शेवटची अडचण शिकवणाऱ्याची. मुलाने केर काढला की मागोमाग आई त्याच खोलीतून पुन्हा झाडू फिरवते, आणि मुलगा त्यातून योग्य तो बोध घेऊन दुसऱ्या दिवशी झाडूला हात लावत नाही. ही अडचण टाळायची तर केर काढण्याचे शिक्षण मे-जूनमध्ये सुरू करावे. त्या दिवसांत जयपूरला आंधी येते, आणि तासाभरात आईने झाडलेली खोली कोणती आणि मुलाने झाडलेली कोणती, हे आईलाही सांगता येत नाही.