सागाच्या देशात सनमायका

२९ मार्च २०२३ रोजी बल्लारपुरात लाकडांची पूजा झाली. अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाज्यांसाठी वनविकास महामंडळाच्या आगारातलं सागवान निघालं, तेव्हा वाजतगाजत शोभायात्रा निघाली, लोकांनी फुलं उधळली, ओंडक्यांसोबत फोटो काढले. मंदिरात पुढे त्यातल्या काही दरवाज्यांवर सोन्याचा पत्रा चढला. दोनच महिन्यांनी, २८ मे रोजी, दिल्लीत नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं. तिथलं सागवान नागपूरहून आलं, असं वर्तमानपत्रांनी छापलं. आता नागपुरात साग किती उगवतो हे चंद्रपूरकरांना चांगलं ठाऊक आहे, पण संत्र्यांपासून सगळ्याच गोष्टींवर त्या शहराचा शिक्का बसायची सवय इकडच्या लोकांना झालेली आहे. कुणी वाद घालत नाही.

देवाचं दार झालं, देशाची संसद झाली. ज्या जिल्ह्यातून हे लाकूड गेलं तिथला माणूस त्या दिवसांत कशावर बसून काम करत होता, याची बातमी मात्र कुणी दिली नाही. तो प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, आणि त्याचा लॅपटॉप ऑनलाइन मागवलेल्या भुशाच्या टेबलावर होता.

असे घरून काम करणारे गृहस्थ २०२० नंतर चंद्रपूरच्या तुकूम, रामनगर, बाबुपेठेत आणि गडचिरोलीच्या चामोर्शी रोडवर बरेच झाले. कंपनी पुण्याची, पगार पुण्याचा, घर बाबांचं. आपण त्या सगळ्यांना मिळून एकच गृहस्थ धरू, म्हणजे गोष्ट सांगायला सोपी जाईल.

भुशाच्या टेबलाने दोन उन्हाळे काढले नाहीत. दोष टेबलाचा नव्हता. ज्या कारखान्यात ते बनलं तिथे चंद्रपूरचा कूलर कुणी पाहिलेला नसावा. इथे मे महिन्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसला जातो, आणि खिडकीत बसवलेला कूलर दिवसभर गार वाऱ्यासोबत तुषारही फेकतो. चेपलेला भुसा आणि डिंक यांचं लग्न पाण्याने मोडतं. आधी कडा फुगल्या, मग सनमायकासारखा चिकटवलेला कागद सुटला, आणि एका मीटिंगमध्ये टेबलाचा कोपरा साहेबांच्या प्रश्नाच्या आधी खाली आला.

तेव्हा गृहस्थाने नवं सागवानी टेबल करून घ्यायचं ठरवलं आणि टालावर जाऊन भाव विचारला. घनफुटाचा भाव ऐकून त्याने दुसऱ्यांदा विचारला, पहिल्यांदा चुकून घनमीटरचा सांगितला असेल या आशेने. (घनमीटरात सुमारे पस्तीस घनफूट बसतात. आशा मोठी होती.) बल्लारपूरच्या लिलावात देशभरचे व्यापारी बोली लावतात, तिथे तुकूमच्या एका टेबलाची काय मातब्बरी! मग बाबा म्हणाले, "माळ्यावर एक टेबल आहे की."

ते टेबल माळ्यावर १९८०च्या सुमारास गेलं होतं. आजोबांचं होतं. त्यावर चॉकलेटी सनमायका होता, कारण त्या काळात घरात सनमायका येणं ही प्रगती होती, आणि प्रगती खिळ्यांनी ठोकून बसवत असत. पायांवर ऑइलपेंटचे थर होते. वरून आकाशी, त्याखाली शेंदरी, त्याखाली सरकारी क्वार्टरचा हिरवा. हा शेवटचा रंग डब्यासकट क्वार्टरातून कसा आला, हे आजोबांनी कधी सांगितलं नाही.

मिस्त्रींना बोलावलं. चंद्रपूर-गडचिरोलीतले जुने मिस्त्री लाकडाला आधी वास घेऊन भेटतात. त्यांनी टेबल उलटं केलं, खालच्या बाजूला पटाशीने एक ढलपी काढली, नाकाशी नेली. "सागवान हाय भाऊ. कातड्याचा वास येते ना, तोच." घासलेल्या सागाला चामड्यासारखा वास येतो, हे खरंच आहे. मग पायाची ढलपी काढली आणि मान हलवली. "पाय बिजाचे हायेत." गृहस्थाला फसवलं गेल्यासारखं वाटलं. मिस्त्रींनी स्टीलच्या पेल्यात पाणी मागवलं, बिजाची ढलपी त्यात टाकली आणि काचेच्या ग्लासात ओतून उन्हात धरली. पाणी पिवळसर झालं होतं आणि कडेला निळी झाक मारत होतं. बिजा ओळखायची ही जुनी खूण. याच लाकडाचे पेले मधुमेहावर म्हणून विकले जातात. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी प्यायचं. त्याने साखर किती उतरते ते डॉक्टरांनी सांगावं, पण बाबांनी तेवढ्यात ग्लास ताब्यात घेतला होता. पुढचे दोन दिवस ते मिस्त्रींच्या मागे ढलप्या गोळा करत फिरले. आईने त्या बंबात घातल्या.

सनमायका काढायचं तंत्र साधं आहे. खिळे असले तर आधी ते उपसायचे, मग इस्त्री गरम करायची, जाड कापड घालून पत्र्यावर फिरवायची, खालचा डिंक ढिला झाला की पातळ पटाशी सरकवायची. मे महिन्यात निम्मं काम गच्चीवरचं ऊन करतं. पत्रा निघाला आणि खाली सागाचा गाभा जसाच्या तसा निघाला. चाळीस वर्षं दिवाळीचे डबे आणि लग्नाच्या पत्रिका अंगावर घेऊनही त्याला वाळवीचं एक भोक नव्हतं. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, वाळवीला ते मानवत नाही. बाहेरच्या पांढऱ्या लाकडात ते नसतं. एका कोपऱ्यात जुन्या सुताराने तसली पांढरी पट्टी वापरली होती, आणि वाळवीने पट्टीची हद्द इतकी काटेकोर पाळली होती की भूमापकाने मोजणीला तिलाच न्यावं.

रंग काढणं मात्र गमतीचं काम नाही. भारतात घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण नव्वद पीपीएमच्या आत ठेवायचा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः शेंदरी-पिवळ्यात, शिसं भरपूर असू शकतं. कोरड्या पॉलिशपेपरने असला रंग घासला की त्याची धूळ घरभर जाते आणि पोरांच्या पोटात जाते. म्हणून पाणी लावून घासायचं, तोंडाला मास्क बांधायचा, चोथा कागदात गुंडाळून टाकायचा. गृहस्थाकडे २०२०चे मास्क उरलेले होतेच. सरकारी हिरव्याखाली जेव्हा बिजाची तांबूस शीर दिसली तेव्हा त्याने मीटिंग म्यूट करून आईला हाक मारली. आई म्हणाली, "छान. आता दारातला पसारा उचल."

खरी परीक्षा पॉलिशची. मिस्त्रींचं मत चपड्याला. चपडा म्हणजे लाखच; पळस-कुसुमाच्या फांद्यांवर किडे करतात ती, धुऊन, वितळवून, पापुद्रे केलेली. पळस या जिल्ह्यांत रस्त्याच्या दुतर्फा आहे. चपडा स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायचा, गाळायचा, कापसाच्या बोळ्याने हात मारायचे. लाखेला पैसे फार लागत नाहीत. लागतो तो हात, आणि लागतं ते स्पिरिट.

स्पिरिट! गडचिरोली जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ला आली आणि २०२१ मध्ये उठली. त्या सहा वर्षांत, आणि गडचिरोलीत आजही, दुकानात जाऊन "एक लिटर स्पिरिट द्या" म्हणणाऱ्या माणसाकडे ज्या नजरेने पाहिलं जातं तिला पॉलिश नावाचा बचाव पुरत नाही. गडचिरोलीत राहणारे गृहस्थाचे मेहुणे स्पिरिट घ्यायला जाताना हातात पॉलिश केलेला एक पाट घेऊन जातात, पुरावा म्हणून. पॉलिशचं स्पिरिट विषारी असतं, ते पिणारा डोळे गमावतो किंवा जीव, त्यामुळे दुकानदाराची नजर चुकीची म्हणता येत नाही. आणखी एक गंमत अशी की चपड्याच्या पॉलिशचा मुख्य शत्रू मद्यच. ग्लास कलंडला की लाख विरघळते आणि टेबलावर कायमचा डाग उरतो. हे संकट गडचिरोलीत कायद्यानेच टळलेलं आहे.

आईचं मत जवसाच्या तेलाला. विदर्भात जवस पिकतो, जवसाची चटणी घरोघर असते, मग लाकडाने काय पाप केलं? तेलाला स्पिरिट लागत नाही आणि सागाची शीर त्यात फार देखणी उठून दिसते. पण ते वाळायला दिवसच्या दिवस लागतात, आणि चंद्रपुरात उघड्यावर काही वाळत ठेवायचं म्हणजे दुर्गापूरकडे बघून ठेवायचं. तिथे २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. वारा फिरला की गच्चीवरच्या ओल्या तेलावर राख बसते आणि सकाळी हाताला टेबलाऐवजी पॉलिशपेपर लागतो. हा अनुभव पापड वाळवणाऱ्या सगळ्या बायकांना आहे; गृहस्थाला तो नवा होता.

शिवाय जवसाच्या तेलाची एक वाईट खोड आहे. हवेशी संयोग होऊन ते वाळतं आणि वाळताना तापतं. तेलाने भिजलेला फडका चुरगळून कोपऱ्यात टाकला तर आतली ऊब बाहेर पडत नाही, आणि बाहेरून कुणी काडी न लावता तो पेटू शकतो. जिथे सावलीलाही चाळीस अंश असतात तिथे तर सांगायलाच नको. इथलं वनखातं वणवा अडवायला दर उन्हाळ्याआधी जंगलात जाळरेषा काढतं. त्याच शहाणपणाने मिस्त्रींनी गच्चीवर पाण्याची बादली ठेवली आणि फडके तिच्यात बुडवले. मग घरातले सगळे पुरते घाबरले आणि चपडा जिंकला.

चपड्याचंही वेळापत्रक असतं. भर दुपारी स्पिरिट इतकं झटकन उडतं की बोळ्याचे ओरखडे तसेच राहतात. पावसाळ्यात हवेतला ओलावा लाखेत अडकून पांढरी झाक येते. म्हणजे खरे दिवस दिवाळी ते होळी. पण काम मे महिन्यात निघालं होतं, म्हणून मिस्त्री पहाटे पाचला यायचे आणि ऊन गच्चीवर यायच्या आत निघायचे. चहा मात्र दोनदा व्हायचा.

टेबल झालं. मग भिंत उघडी दिसू लागली. फडताळ सागाचं करायची हिंमत कुणात नव्हती, तेव्हा बांबू पुढे आला. बांबू शास्त्राने गवत, पण १९२७च्या भारतीय वन कायद्याने त्याला झाड ठरवलं होतं. २०१७च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू पुन्हा गवत झाला. त्याआधीच, २७ एप्रिल २०११ रोजी, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने आपल्या जंगलातला बांबू आपल्याच वाहतूक परवान्यावर विकायचा हक्क मिळवला होता. चंद्रपूरहून मूलकडे जाताना चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे बांबूच्या खुर्च्यांपासून राख्यांपर्यंत सगळं शिकवतात. गृहस्थाने ओळखीच्या बुरडाकडून फायलींसाठी मांडणी करून घेतली. बांबूत स्टार्चचा अंश असतो आणि भुंग्याला तो आवडतो, म्हणून कामट्या बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून घ्यायच्या. हे न करणाऱ्याच्या टेबलावर रोज सकाळी पिवळ्या पिठाची छोटी ढिगुली दिसते.

मांडणी कॅमेऱ्यात दिसेल तेवढीच झाली. उरलेल्या भिंतीवर पैसे घालायला बायकोने नकार दिला, आणि तिचं बरोबर होतं. वडशाच्या झाडीपट्टी नाटक कंपन्या एका रंगवलेल्या पडद्यावर रात्रभर राजवाडा उभा करतात. पुण्याच्या साहेबांना तर दीड फूट भिंत पुरते. त्या चौकटीच्या बाहेर गव्हाची कोठी आणि इन्व्हर्टर आहे.

राहिली खुर्ची. ती आलापल्लीच्या सासरवाडीहून यायची होती. लांब हातांची, वेताच्या पाठीची, जुनी सागवानी. आलापल्लीचा साग म्हणजे सागांतलं वतनदार घराणं. गावाबाहेरचं 'वनवैभव' १९५३पासून कुऱ्हाड न लावता राखलंय, आणि २०१४ साली ते राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ झालं. त्या गावाहून सागाची वस्तू घेऊन निघायचं म्हणजे रस्त्यात वनतपासणी नाका लागणार. खुर्ची म्हणजे काही कापलेला ओंडका नव्हे, तरी सासऱ्यांनी खबरदारी म्हणून तिचा १९७२ सालच्या लग्नातला फोटो पाठवला होता. फोटोत खुर्ची होती आणि तिच्यावर नवरदेव होते.

आष्टीच्या अलीकडे टेम्पो थांबला. वनरक्षकाने ताडपत्री उचलली, खुर्चीवर बोटाने टकटक केलं, मग वाकून खालच्या बाजूचा वास घेतला. गृहस्थाने फोटो पुढे केला. त्याने तो पाहिलाही नाही.

"वेत कोण विणून देते आता?" त्याने विचारलं.

"चंद्रपुरात आहेत एक मिस्त्री. बघू म्हणाले."

"अन् पॉलिश?"

"चपडा."

"मशीननं नोका मारू देजा." त्याने ताडपत्री खाली टाकली, टेम्पोच्या चाकावर पाय ठेवून खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाला, "नंबर सांगा मिस्त्रीचा. क्वार्टरात दोन पडल्या आहेत अशाच. हिरव्या रंगाच्या."