आमचे मुंडकार

एक-चौदाच्या उताऱ्यावर आपलं नाव लागलं की जमीन आपली झाली, असं गोव्यात फक्त बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं. इथल्याला मुंडकार कायदा ठाऊक असतो. भाटकाराच्या जागेत घर करून राहिलेल्याला या १९७५ च्या कायद्याने असं काही संरक्षण दिलं, की त्याला उठवायला निघालेल्या भाटकाराच्या तारखा त्याच्या नातवापर्यंत पुरतात. पेडण्यातल्या आमच्या परसाचा उतारा माझ्या नावावर आहे. राहतात मात्र बेडूक.

त्यातला सगळ्यात जुना तुळशीवृंदावनाच्या पायथ्याच्या चिऱ्यांच्या फटीत असतो. खरखरीत पाठीचा, पुस्तकात ज्याला भेक म्हणतात तो. दिवेलागणीला बाहेर पडतो, पडवीतल्या दिव्याखाली येऊन बसतो आणि वाळवीची पाखरं एकेक करून उचलतो. गिळताना डोळे घट्ट मिटतो. चवीने नव्हे, बेडकाचे डोळे आत दबले की घास घशाकडे सरकायला त्यांची मदत होते. आमचे सासरेही हुमणाच्या पहिल्या घासाला असेच डोळे मिटतात, पण त्यांचं कारण निराळं. या भेकाला उचलायला जावं तर हातावर सरळ मुततो. खंड मागायला आलेल्या भाटकाराचा असा सत्कार करावा, असं पूर्वी पुष्कळांच्या मनात आलं असेल. करून दाखवलं ते यानेच.

दुसरे हंगामी. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की केळींच्या मागच्या डबक्यात रानबैलाच्या तोऱ्यात उतरतात. एरवी शेवाळी रंगाचे हे थोराड नर त्या दिवसांत पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवतात आणि रात्रभर ओरडतात. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक अख्खं सूक्त आहे, त्यात त्यांना मंत्र म्हणणाऱ्या ब्राह्मणांची उपमा दिली आहे. त्या ऋषींच्या झोपायच्या खोलीमागे डबकं नसणार, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

यांच्या वैभवाला दृष्टही तितकीच मोठी लागते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, बाजारात ताजी मासळी नाही, आणि नेमके तेव्हाच हे लठ्ठ मुंडकार उघड्यावर येऊन आपला पत्ता ओरडून सांगतात. मग विजेऱ्या आणि पोती घेऊन माणसं शेतात उतरतात. खाणावळीत याला ‘जंपिंग चिकन’ म्हणतात, म्हणजे खाणाऱ्याला बेडूक खाल्ल्यासारखं वाटत नाही. १९८७ साली गोवा घटकराज्य झालं, त्याच साली भारतातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद झाली. तंगड्या परदेशी जायच्या थांबल्या. ताटात यायच्या काही थांबल्या नाहीत. वन्यजीव कायद्याने हा गुन्हा आहे, पण पहिल्या पावसात कायदाही बहुधा घरात पांघरूण घेऊन पडलेला असतो. परवा एकाने फाटकाशी उभं राहून लाघवीपणे विचारलं, “तुमच्याकडे मोठे आहेत म्हणे?” म्हटलं, “होते. पाहुणचाराला डिचोलीला गेलेत.”

शेजारच्या मावशींची तक्रार वेगळी. “बेबे आले की मागोमाग जनावर येतं.” येतं, खरं आहे. बहुतेक वेळा ती दिवड असते, नाहीतर नानेटी; दोन्ही बिनविषारी. नागालाही बेडूक आवडतो, ही माहिती मी अजून मावशींपर्यंत पोचू दिलेली नाही.

गोव्याच्या सार्वजनिक जीवनातही बेडकांना स्थान आहे. २०१५ साली सह्याद्रीतल्या एका नव्या बेडकाला शास्त्रज्ञांनी ‘गोमंतकी’ नाव दिलं आणि २०१८ साली आणखी एकाला ‘गोएम्ची’, म्हणजे गोंयची. मराठी आणि कोकणी दोन्ही पक्षांना एकेक बेडूक मिळाला. राजभाषेचा प्रश्न इतक्या समजुतीने दुसऱ्या कोणी सोडवल्याचं ऐकिवात नाही.

डिचोलीचा पाहुणचार ही काही निव्वळ थाप नव्हती. धाकट्या बहिणीचं सासर तिकडे आहे, आणि तिच्या न्हाणीघरात झाडावरच्या बेडकांनी बिऱ्हाड केलंय. बोटांच्या टोकांना चकत्या, त्यामुळे गुळगुळीत टाइल्सही यांना जिन्यासारख्या. उन्हाळ्यात ओलाव्याच्या शोधात आत शिरतात, पावसात बाहेरच्या टाकीच्या काठाला फेसाचं घरटं लावतात. पिल्लं त्यातून थेट खालच्या पाण्यात टपकतात. एकाने तर फ्लशच्या टाकीत मुक्काम ठोकलाय. गेल्या पावसाळ्यात पुण्याचे पाहुणे आले होते. त्यातल्या काकू रात्री न्हाणीघराच्या दारापर्यंत गेल्या, आतून ‘टक-टक-टक’ ऐकलं आणि आल्या पावली परत फिरल्या.

“अगं, आत कोणीतरी आहे.”

बहीण भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “असेल. तुम्ही जा, तो काही बघत नाही.”