सहा रेघा आणि एक अंगठा

गिटार शिकायला स्वरलिपी यावी लागत नाही, असं टॅबच्या पुस्तकांच्या प्रस्तावनेत हमखास लिहिलेलं असतं. सहा रेघा म्हणजे सहा तारा. रेघेवर ३ छापलंय, तर त्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट दाबा. शून्य असेल तर तार मोकळी सोडा. संपलं! ज्याला विजेचं बिल वाचता येतं त्याला बॉब डिलन वाजवता येईल, असा एकूण आविर्भाव.

गोम रेघांपासूनच सुरू होते. गिटार मांडीवर घेतली की जाड तार वर, आपल्या हनुवटीकडे येते. टॅबमध्ये ती तळाला. १५०७ साली व्हेनिसमध्ये पेत्रुच्ची या मुद्रकाने ल्यूटच्या टॅबचं पुस्तक काढलं, त्यात वरची रेघ जाड तारेचीच होती. मान खाली घालून वाजवणाऱ्याला दिसते तशी. पुढे फ्रेंचांची उलटी रीत रूढ झाली. तिची फळं मी पन्नाशीत सदाशिव पेठेत भोगतोय.

आमच्या आईची हयात पेटीवर गेली. तिने एकदा चष्मा लावून माझं पुस्तक नीट पाहिलं आणि विचारलं, "यात सम कुठंय रे? भातखंड्यांनी समेला फुली तरी मारली होती." स्वस्तातल्या टॅबमध्ये बोट कुठे ठेवायचं ते असतं, किती वेळ ठेवायचं ते नसतं. त्यात डिलनचं 'डोन्ट थिंक ट्वाइस'. चौथ्या फ्रेटवर कॅपो नावाचा चिमटा लावायचा, बोटं सी कॉर्डची धरायची आणि आवाज ईचा काढायचा. आईला हे समजावलं, तर म्हणाली, "म्हणजे बोटं पांढरी एकची आणि गाणं पांढरी तीनमध्ये. एवढंच ना? मग इतकं इंग्रजी कशाला?"

खरा वैरी अंगठा. बोटांनी तारा छेडायच्या या शैलीत अंगठ्याने खर्जाच्या दोन तारा आळीपाळीने, न चुकता वाजवत राहायच्या आणि तर्जनी-मधल्या बोटाने वर चाल काढायची. पाचवी, चौथी, पाचवी, चौथी; इथवर अंगठा शहाण्यासारखा वागतो. मधलं बोट दोन ठोक्यांच्या मध्ये पहिल्या तारेवर पडलं, की हाही लगबगीने तिथेच. त्याला वर काय चाललंय ते बघायचं असतं.

याच अंगठ्यासाठी मी 'फ्रेट ट्रेन' घेतलं. ते एलिझाबेथ कॉटनबाईंचं. बाई डावखुऱ्या. नॉर्थ कॅरोलायनातलं बालपण, भावाचा बँजो त्याच्या माघारी वाजवत शिकल्या. पुढे उजव्या हाताची गिटार, तारा न बदलता, तशीच उलटी धरली. म्हणजे खर्ज बोटांकडे आणि चाल अंगठ्याकडे! मधली कित्येक वर्षं गिटार सुटली. सीगर या गाण्याबजावण्यातल्या कुटुंबाकडे घरकाम करताना पुन्हा हातात आली आणि १९५८ साली, साठी उलटल्यावर, पहिली रेकॉर्ड निघाली. माझं पुस्तक मात्र ठणकावून सांगतं : खर्ज अंगठ्याने, चाल बोटांनी, 'मूळ बरहुकूम'. बाईंना हे बरहुकूम वाजवायला सांगितलं असतं, तर बहुधा हसल्या असत्या.

गायिका जोनी मिचेलचा नाद मात्र मी सोडला. लहानपणच्या पोलिओने त्यांचा डावा हात अशक्त झाला, म्हणून त्यांनी ताराच हाताला सोयीच्या लावून घेतल्या. जवळपास दर गाण्याला नवी जुळणी. त्यांना सोय झाली, माझ्या मात्र खुंट्या पिळण्यात रविवार जातो. "आमच्या तानपुऱ्यात फार तर पंचमाचा मध्यम करतात," इति आई.

तेव्हा तुम्हाला टॅबचं पुस्तक घ्यायचंच असेल, तर आधी त्यातलं गाणं पाठ होईपर्यंत ऐका. आकडे कुठे पळून जात नाहीत. माझ्याकडची जोनी मिचेलची दोन्ही पुस्तकं जवळपास कोरी आहेत, हवी असतील तर घेऊन जा. कॉटनबाईंचं मिळणार नाही.