फोर बाय फोर, अधिक चार चिरे

आमच्या सोसायटीच्या तळघरातून वर येणारा चढ सोडला, तर मी आयुष्यात कुठलाही डोंगर गाडीने चढलेलो नाही. त्या चढावरही एकदा पावसात गाडी बंद पडली होती आणि वॉचमन, दूधवाला आणि सोसायटीचे अध्यक्ष अशा तिघांनी ती ढकलून वर आणली होती. अशा माणसाने ५४व्या वर्षी फोर बाय फोर घ्यायची ठरवली यात नवल काहीच नाही. ज्यांना खरी गरज असते ती माणसं एसटीने जातात.

वर्षभर मी एक वही चालवली. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते, गुरखा ७००. मला पोहता येत नाही, त्यामुळे हे वरचे ५० मिलिमीटर मी लाल शाईने लिहिले होते. नाकाचा कोन, म्हणजे बंपर न घासता चाक किती उभ्या चढाला भिडू शकतं ते माप, थारचा ४१ अंशांच्या वर, जिम्नीचा ३६. हे आकडे नुसते वाचून समाधान होईना, म्हणून मुलाच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन मी सोसायटीच्या गतिरोधकापाशी पालथा पडलो. कोन १४ अंश भरला. शेजारच्या काकूंना वाटलं, रिडेव्हलपमेंटची मोजणी सुरू झाली. संध्याकाळी कमिटीची तातडीची बैठक बसली.

खरा पेच पुढेच होता. गाडी कंपनीनेच नखशिखांत सजवलेली घ्यायची, की साधी घेऊन बाहेरून हवं ते बसवायचं? गुरखाला पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलना लॉक कंपनीकडूनच येतं, वर स्नॉर्कलही. अमेरिकेतल्या जीपवाल्यांनी तर २००३मध्येच दोन्ही लॉकं बसवलेली रँग्लर विकायला काढली आणि सिएरा नेवाडातल्या एका महाखडतर वाटेवरून तिचं नाव ठेवलं रूबिकॉन. ही रूबिकॉन २०२१पासून आपल्या रांजणगावात जुळवली जाते, हे कळल्यावर मला फार जवळीक वाटली. किंमत कळल्यावर रांजणगावच्या महागणपतीलाच हात जोडले.

बायकोचं मत पहिल्या दिवसापासून एकच होतं. "कंपनीचं असेल तेच घ्या. बाहेरून बसवलेलं टिकत नाही." हे मत तिने १९९८ साली आमच्या मिक्सरच्या भांड्यावरून बनवलं होतं आणि तेव्हापासून ते बदलायचं कारण मी तिला दिलेलं नाही.

इथे डिफरन्शियलबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण माझी पुढची सगळी बेअब्रू त्यानेच केली. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही सोय असते. फार गुणी वस्तू. पण एक चाक हवेत लोंबकळलं किंवा चिखलात घसरलं, की तेच बिनकामाचं चाक गरगर फिरतं, आणि जमिनीला घट्ट धरून बसलेल्या दुसऱ्या चाकालाही तितकीच फुसकी ताकद मिळते. लॉक लावलं की दोन्ही चाकं एका आसाला जखडली जातात आणि पकड असलेलं चाक गाडी ओढून काढतं. हे सगळं माझ्या वहीत आकृतीसकट होतं. आकृतीला मी रंगही दिला होता.

तरीही मी जुनी, विनालॉकची गाडी घेतली. कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात तिचा काडीचा दोष नव्हता. लॉक असलेली वरची आवृत्ती मिळत होती, पण पैसे बरेच जास्त होते आणि लॉक असतं ऍक्सलच्या पोटात. एवढा पैसा घालून जी वस्तू सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाला दाखवता येत नाही ती विकत घेणं माझ्या जिवावर आलं. वाचलेल्या पैशांत दिसणाऱ्या वस्तू आल्या. दोन इंचांची लिफ्ट, चिखलासाठीचे दणकट टायर, पुढे १२,००० पौंडांची, म्हणजे जवळजवळ साडेपाच टन ओढणारी विंच, छतावर दिव्यांची पट्टी आणि बॉनेटच्या कडेने वर गेलेलं काळंभोर स्नॉर्कल. पुढे बुलबारही लावणार होतो, पण २०१७च्या डिसेंबरात केंद्राने त्यावर बंदी आणली आहे, असं गॅरेजवाल्यानेच सांगितलं. बाकीच्या वस्तूंबद्दल तो काही बोलला नाही. ते काम बायकोने केलं. मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल गाडीत करता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल आहे आणि कायद्यात दर बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं तिने वाचून दाखवलं. मग बोटं मोजली. "पाच पाचे पंचवीस हजार. कैद झाली तर चालेल, पंचवीस हजार देणार नाही."

आषाढ लागायच्या आत मंडणगडच्या अलीकडे सासूबाईंच्या मावशीकडे जायचं ठरलं. चांदणी चौक सोडला आणि नवे टायर जे गुणगुणायला लागले ते आंबेतच्या पुलापर्यंत थांबले नाहीत. शंभर भुंगे गाडीखाली बांधल्यासारखा आवाज. टायर मोठे झाल्यामुळे काटाही कमी दाखवायचा, म्हणजे काट्यावर आम्ही खऱ्यापेक्षा सावकाश आणि पेट्रोल मात्र खऱ्यापेक्षा जोरात चाललं होतं. मुळशीचं पाणी आणि ताम्हिणीचे धबधबे सुंदर होते.

ताम्हिणीत मात्र डोकं फिरलं. अर्धा रस्ता अडवून माझ्यासारख्याच गाड्या उभ्या, दारं उघडी, आतून गाणी आणि टपावर उघडी पोरं. हीच मंडळी पुढे कोकणात जाऊन समुद्राच्या वाळूत गाड्या घालतात. मनाई असते, गावकरी ओरडत असतात, आणि शेवटी भरतीच्या पाण्यात बुडालेली गाडी काढायला त्याच गावकऱ्यांची बैलजोडी नाहीतर ट्रॅक्टर. मी याबद्दल दहा मिनिटं तावातावाने बोललो. बायको खिडकीबाहेर बघत होती. मी मुद्दाम लिहून ठेवतो की तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. साडेतीनला मी स्वतः अडकलो.

मावशींच्या घराकडे जायला डांबरी सोडून दोनेकशे पावलांची पाणंद आहे. एका बाजूला जांभ्या दगडाचा गडगा, दुसरीकडे भाताची खाचरं. येणारा प्रत्येक माणूस डांबरीवर वडाखाली गाडी लावतो आणि चालत जातो. मावशींचा गडी डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन उभा होता. तो म्हणाला, "हितंच लावा. कालच चिखलणी झाली, बांध मऊ आहे."

मी म्हणालो, "फोर बाय फोर आहे."

"असं व्हय," तो म्हणाला आणि बघायला नीट जागा धरून उभा राहिला.

वळणावर गडग्याला घासेल म्हणून मी गाडी डावीकडे घेतली. बांध ढासळला. पुढचं डावं चाक खाचरात बसलं, आणि त्यामुळे मागचं उजवं अल्लद वर उचललं जाऊन हवेत तरंगायला लागलं. मी चारही चाकांची ताकद लावली. पुढचं डावं चिखल उडवत फिरलं, मागचं उजवं हवेत फिरलं. जमिनीवर टेकलेली दोन चाकं पाहुण्यांसारखी स्वस्थ. माझ्या वहीतली रंगीत आकृती जशीच्या तशी! उडालेला चिखल बांधावर रचलेल्या तरव्याच्या जुड्यांवर गेला, तेव्हा गडी पहिल्यांदा जोरात बोलला.

आता विंचची पाळी. समोर चांगला वावभर बुंध्याचा फणस होता. मी दोर घेऊन झाडापाशी पोचलो तोच पडवीतून आवाज आला, "जावईबापू, त्या फणसाला हात लावू नका." ८१ वर्षांच्या मावशी काठी टेकत आल्या. "बरका आहे. चाळीस फणस आहेत अजून त्याच्यावर. तुमची गाडी किती देते?"

यावर उत्तर नव्हतं. मी दोर बेड्याच्या, म्हणजे अंगणाच्या फाटकाच्या, बाजूच्या चिरेबंदी खांबाला बांधला, रिमोटचं बटण दाबलं आणि साडेपाच टनांची ती ताकद पहिल्यांदा कामाला लागली. दोर ताणला, गाडी कुरकुरली आणि जागची हलली नाही. खांब मात्र हलला. आधी मान कलवल्यासारखा झाला, मग वरचा चिरा सुटला, मग सगळा खांब एकेक दगड टाकत गाडीच्या दिशेने निघाला. मी बटण सोडलं तेव्हा बॅटरीने मान टाकली होती आणि मावशींच्या अंगणाला बेडं राहिलं नव्हतं.

गड्याने बॅटरी बघायला बॉनेट उघडलं. मग स्नॉर्कलवर बोट ठेवून आत, खाली, पुन्हा वर असं दोनदा बघितलं. "साहेब, हा पाईप कुठंच जात नाही."

मी वाकून बघितलं. खरंच जात नव्हता. इंजिनाने पाणी ओढू नये म्हणून हवा उंचावरून घ्यायची, एवढ्यासाठी स्नॉर्कल असतं. गॅरेजवाल्याने ते बाहेरून चार स्क्रूंनी चिकटवलं होतं आणि इंजिन आपलं खालूनच, जुन्या जागेवरून, श्वास घेत होतं. या भरवशावर मी एखाद्या ओढ्यात शिरलो असतो, तर सगळं पाणी सरळ पोटात. मला थंडी वाजल्यासारखं झालं. बायकोने ते पाहिलं आणि मिक्सरच्या भांड्याचा विषय काढला नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढचं सगळं गड्याने केलं. वाळक्या काडीने चारही टायरांची हवा सोडली, ते चांगले बसके होईपर्यंत, म्हणजे टायर जमिनीवर पसरून पकड वाढते. पडलेल्या खांबातले चार चिरे उचलले. पुढच्या चाकाखालचा चिखल फावड्याने उपसून दोन तिथे दडपले, दोन मागच्या लोंबत्या चाकाखाली रचले. पॉवर टिलरच्या डिझेलसाठी आलेल्या पिकअपच्या बॅटरीवरून माझी गाडी चालू केली. "आता हळू. रेस नको." गाडी एक हुंदका देऊन वर आली. हवा भरायचा कॉम्प्रेसर तेवढा घ्यायचा राहिला होता, तेव्हा चार दणकट टायरांत सायकलच्या पंपाने रात्री आठपर्यंत हवा भरली. दर पन्नास दट्ट्यांना पाळी बदलत.

जेवताना मावशींनी सगळी हकीकत पहिल्यापासून ऐकली. कंपनीचं काय, बाहेरचं काय, कशाला किती पडले. मी खांबाचे पैसे काढले तर म्हणाल्या, "ठेवा ते. हा गडगा ह्यांनी रचला होता. लग्न झालं त्या उन्हाळ्यात. रोज संध्याकाळी पाच चिरे, कचेरीतून आल्यावर. वाकडा आहे म्हणून मी हसायची." मग कुळथाचं पिठलं वाढलं. सकाळी गवंडी यायच्या आधीच मी ते चिरे धुऊन काढले. एकावर छिन्नीचे जुने घाव होते, डाव्या हाताने मारल्यासारखे तिरपे.

दुपारी मावशी म्हणाल्या, एवढी गाडी आहे तर सड्यावरच्या देवीला नेऊन आणा. गुडघ्यांमुळे सात वर्षं जाणं झालं नव्हतं. वाट सगळी कातळाची, घट्ट; लॉक सोडाच, फोर-व्हीलचा दांडा ओढायचीही गरज नव्हती. अडचण निराळीच निघाली. माझ्या दोन इंचांच्या लिफ्टमुळे त्यांचा पाय गाडीत पोचेना. शेवटी गड्याने एक चिरा आणून दाराशी ठेवला आणि त्यावरून त्या चढल्या.

तो चिरा दारातच राहिला. वर देवळापाशी पोचल्यावर हे लक्षात आलं. वाऱ्यात पदर सावरत मावशी सीटच्या कडेला बसलेल्या, पाय अधांतरी. मी खाली कातळावर एक गुडघा टेकला आणि दुसरा पुढे केला. त्यांनी पायातली वहाण काढली, माझ्या मांडीवर पाय ठेवायच्या आधी काठीने टोचून बघितलं.

"हा कंपनीचा ना?"

"कंपनीचा. ५४ सालं झाली."

"माझा डावा बाहेरून बसवलेला आहे हो," त्या माझ्या खांद्यावर सगळा भार टाकत म्हणाल्या. "उजवा कंपनीचा. दुखतो तो उजवाच."