आज्जी, जावई दारू पीत नाही

डेल्फ्ट, रविवार

ती. आज्जी, आई आणि बाबांस,


काल आज्जीचा फोन आला आणि माझ्या पोटात गोळाच उठला. बावड्यात रात्री दहानंतर आज्जी जागी असते ती दोनच कारणांनी: एक तर म्हैस विणार असते, नाहीतर कुणाचं तरी बरंवाईट झालेलं असतं. फोन उचलला तर पहिलंच वाक्य, “काय गं, पोरीला दारूचा फेस खायाला घालतीस म्हणं?”

हा आमच्या लेकीचा, चिंगीचा पराक्रम. मी रविवारी नाश्त्याला जे गोल गोल करते त्यात बिअरमधलं ईस्ट असतं, एवढंच तिनं पणजीला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. पुढचं आज्जीनं रचलं. वहिनी म्हणाली, जावयाला परदेशात व्यसन लागलंय ही बातमी असळजपर्यंत पोचली. ह्यांनी ऐकलं आणि हातातला बिनसाखरेचा कोरा चहा तसाच खाली ठेवला. आज्जी, निदान असळजला तरी निरोप पाठव की जावई शुद्धीवर आहे.

तर आता सगळं रीतसर लिहिते. पीठ फुगायला ठेवलंय, त्याला तासभर लागतो.

ह्याला इथं पॉफर्चेस म्हणतात. आपल्या आप्प्यांची गोरी भावंडं समज. पात्र तसंच बिडाचं, खळग्यांचं. खळगे तेवढे उथळ. निम्मा मैदा, निम्मं बकव्हीटचं पीठ, एक अंडं, कोमट दूध, चिमूट मीठ आणि सात ग्रॅमची ईस्टची पुडी. बकव्हीट म्हणजे उत्तरेत उपासाला चालतो तो कुट्टू, म्हणजे निम्मा पदार्थ तुझ्या एकादशीलासुद्धा चालेल. दुधात करंगळी बुडवायची. चटका बसला तर थांबायचं, कारण फार गरम दुधात ईस्ट मरतं. मग झाकून हीटरशेजारी.

आता तो फेस. बाबा, हे तुमच्यासाठी. आमच्या ह्याच गावात लेव्हेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. स्वतः भिंगं घासून नको त्या गोष्टी बघायची त्याला खोड. त्यानं बिअरच्या थेंबात हे ईस्टचे गोळे पहिल्यांदा बघितले ते 1680 साली, म्हणजे रायगडावर शिवछत्रपती गेले त्याच वर्षी. आता रामचंद्रपंत अमात्य तेव्हा काय करत होते ते तुम्ही सांगणारच, पण फोनवर नको, चिंगीची शाळा बुडते.

आणि आज्जी, तुझं अगदीच चुकलं नाही. पूर्वी पाववाले दारूच्या भट्ट्यांवरूनच ईस्ट आणायचे. मग व्हान मार्केन नावाच्या माणसानं 1870 च्या सुमारास डेल्फ्टमध्ये कारखानाच काढला, एका बाजूला ईस्ट, दुसऱ्या बाजूला स्पिरिट. कामगारांना वसाहत बांधली आणि तिला बायकोचं नाव दिलं, आग्नेटापार्क. आमच्या सायकलच्या वाटेवर आहे. दादाला सांगा, माणसं बायकोच्या नावानं अख्खी वसाहत बांधतात; वहिनीनं नुसता मिक्सर मागितलाय. आणि हे ईस्ट पोसतात कशावर, तर साखर कारखान्याच्या मळीवर! इथं उसाऐवजी बीट, एवढाच फरक. म्हणजे घरातलंच पाहुणं निघालं.

(थांबा, चिंगीनं एका पायात दोन मोजे घातलेत.)

हां. खरं तर आज्जीनं ह्या विषयावर बोलूच नये. आई वैभववाडीहून घाट चढून आपल्या घरात आली ती आंबोळ्या घेऊनच. रात्री तांदूळ-उडदाचं पीठ चुलीच्या उबेला ठेवायचं, सकाळी त्याला जाळी धरलेली असायची. त्यात पुडीसुद्धा लागायची नाही, डाळ-तांदळातलेच जीव आपणहून कामाला लागायचे. आज्जी जात्याशेजारी बसून म्हणायची, “खालच्या माणसांस्नी आंबल्याबिगर घास उतरत न्हाई.” आणि तीन आंबोळ्या उडवून चौथीला चटणी मागायची. आई, तू तेव्हा काही बोलली नाहीस, म्हणून तुझ्या वतीनं मी आज लिहून ठेवते. मीही आंबोळीच केली असती, पण इथल्या थंडीत ते पीठ दोन दिवस ढिम्म हलत नाही. म्हणून ही पुडी.

पार्सल बुधवारी मिळालं. नवी नाचणी, कोकम, लसणीची चटणी, सगळं आलं. तूप नाही आलं. त्याच्या जागी एक छापील कागद आला. युरोपबाहेरून टपालानं दूध नाही, तूप नाही, लोणी नाही, मटण तर नाहीच. घरचं असो, देवाचं असो, म्हशीचं नाव सांगा, चालत नाही. ज्या देशात पावलागणिक चीज दिसतं, खिडकीबाहेर गाई, फ्रिजमध्ये गाई, दुकानाच्या पाटीवरही गाय, त्या देशाला आपल्या एका म्हशीच्या एका बरणीची भीती! मी दोन दिवस धुसफुसत होते. कढवताना आई किती वेळ उभी राहिली असेल, त्याचा रकाना त्या कागदावर नाही.

मग शेजारच्या काकूंनी सांगितलं. 2001 साली इथं लाळ्या-खुरकूत आला होता. अडीच लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली, त्यातली कितीतरी धडधाकट होती. काकूंचं माहेर शेतकऱ्याचं. गोठा रिकामा झाला त्या रात्री त्यांचे वडील तिथंच बसून होते म्हणे. बाबा, त्यानंतर मी गप्प बसले. पण तुपाचं दुःख आहेच.

भावही ऐकून ठेवा. जत्रेत पॉफर्चेसची एक ताटली सात युरोला. सातशे रुपये, नग बारा. म्हणजे आप्प्याला अठ्ठावन्न रुपये पडले, वर पिठीसाखर आणि लोण्याचा तुकडा. ह्यांनी हिशोब केला आणि शेवटचा आप्पा कुणी खायचा यावरून घरात मतदान झालं. त्याच आठवड्यात मी पात्र आणलं.

(पुन्हा लिहायला बसले. पहिला घाणा उतरला.)

आज बकव्हीट नव्हतंच घातलं, नवी नाचणी घातली. पिशवी उघडली तर पिठाला आपल्या माळ्यावरच्या धुराचा वास. खळग्यात लोणी तडतडलं, पीठ सोडलं, कडा धरल्या, मधे बुडबुडे फुटले. काट्यानं अर्धवट उचलून गर्रकन फिरवायचं, आतलं कच्चं पीठ खाली ओघळतं आणि चेंडू होतो. चिंगीनं पिठीसाखर लावून खाल्ले, मी लसणीची चटणी लावून. एक घास खाल्ला आणि मी मशीनमधले कपडे बघायला म्हणून उठले. मशीन कधीच थांबलं होतं. हे काही बोलले नाहीत, त्यांनी दुसरा घाणा टाकला.

आता तुमच्या बातम्या. करूळ घाट वर्षभर बंद होता तेव्हा मामाला न यायला हुकमी सबब होती. आता काँक्रीटचा रस्ता झाल्यावर तो दर आठवड्याला येतो, ही तक्रार मी कुणाची बाजू घेऊन ऐकायची? गवे उसात शिरतात तर दादानं रात्री एकट्यानं बॅटरी घेऊन जाऊ नये, गवा बॅटरीला भीत नाही, वहिनी भिते. असळजच्या लग्नाला आहेर माझ्या नावानंही करा, आणि तिथं कुणी ह्यांच्या तब्येतीची चौकशी केली तर मोठ्यानं सांगा की चहा पितात.

बाबा, बावड्याला रेल्वे आली की मी विमानात बसेन, हे तुमचं पालुपद मी लग्नाआधीपासून ऐकतेय. वैभववाडी-कोल्हापूर रेल्वे कागदावरून उतरेल तेव्हा उतरो. पासपोर्टचे फॉर्म दादाला भरायला सांगितलेत, तिघांचे. उन्हाळ्यात या. सामानात तूप आणू नका. निघायच्या आधी आठवडाभर भाताबरोबर भरपूर खाऊन, पोटात घालून आणा. ते कुणी काढून घेत नाही.

तुमची,
बेबी