पापपुण्याचे दप्तर

अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात पात्रांच्या नीतीची वाटणी आरंभी नियम, तटस्थता आणि अराजक अशा तीनच रकान्यांत होती. पुढे त्यांचे नऊ झाले, आणि रकाने वाढले की कारकुनी वाढते या न्यायाने, मंत्रांच्याही कपाळी शिक्के मारण्याचा उद्योग ओघानेच आला. २००३ च्या सुधारित नियमावलीतील ‘डेथवॉच’ हा मंत्र, समोरचा जीव धडधाकट आहे, मरणोन्मुख आहे की मेलेलाच आहे, एवढेच सांगतो. रणांगणावर जखमींमध्ये हिंडणाऱ्या वैद्यास जिची पहिली निकड भासावी, त्या या निरुपद्रवी नाडीपरीक्षेवर ‘दुष्ट’ असा शेरा असल्यामुळे सत्प्रवृत्त पुरोहिताला तिची सक्त मनाई आहे. मात्र त्याच पुरोहिताने आकाशातून अग्निस्तंभ उतरवून दहापाच जिवांची राख केली, तर त्या मंत्रापुढे ‘अग्नी’ एवढीच निर्विकार नोंद आढळते. (राखेचा पंचनामा कोणी करावा, याविषयी नियमावली मौन बाळगते.)

२०१४ च्या आवृत्तीने तर हा इन्साफ पूर्णत्वास नेला. ‘डिटेक्ट ईव्हल अँड गुड’ या मंत्राच्या नावात दुष्ट आणि सुष्ट दोघेही सन्मानाने विराजमान असले, तरी तो कोणाचीही वृत्ती तपासत नाही. ३० फुटांच्या आत भूत, पिशाच, परी वा देवदूत आहे काय, एवढी जातीची चौकशी तेवढी करतो. सबब शेजारच्या खुर्चीवर बसलेला नामांकित खुनी मनुष्ययोनीतला निघाल्यास मंत्र त्याची दखल घेत नाही, आणि कोपऱ्यात निमूटपणे उभ्या असलेल्या देवदूताची वर्दी मात्र तत्परतेने देतो.