ताशी चाळीसच्या आत

चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना हेल्मेट, पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, असा नियम केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये काढला. पैकी तिसरी अट चाकणकर अगदी कसोशीने पाळतात. शिफ्ट सुटल्यावर तळेगाव चौकात ४० कसले, चारसुद्धा गाठून दाखवा!

इथे चाकणलाच तयार होणाऱ्या टायगुन गाडीला त्याच वर्षी ग्लोबल एनकॅप या धडक-चाचण्या घेणाऱ्या संस्थेने बालसुरक्षेचे पाच तारे दिले. धडक ताशी ६४ किलोमीटरने. म्हणजे चाचणी चाकणला झाली नाही, हे उघड आहे. शिवाय त्या चाचणीतले मुलांचे बाहुले मागे, बालआसनात, पट्टा लावून गप्प बसतात. आपलं बाळ पुढे, आजीच्या मांडीवर, एक हात गिअरवर. बालआसन? 'रडतो हो त्यात.' मागच्या सीटवर आंब्याची पेटी असते. तिला मात्र पट्टा लावलेला, कारण ती घरंगळते.

मोशीपर्यंतची वाट कंटेनरची चाकं मोजण्यात जाते. मग पोराला शू लागते. गाडी बाजूला घ्यायला बाजूच नसते. म्हणून नाशिक रस्त्यावरच्या प्रत्येक सुज्ञ आईजवळ एक रिकामी बाटली असते, रुंद तोंडाची.